वॅट कितीचा, भाऊ?

संपादकांनी यंदा ‘घरातलं संगीत’ असा सोवळा विषय सुचवला होता. प्रस्तुत लेखकाने तो जुन्या स्पीकरांवर आणून ठेवला, कारण नशिराबादची एक जोडी श्रावणापासून त्याच्या टेबलावर पडून आहे. दोन्ही ट्विटर, म्हणजे वरच्या पट्टीचे छोटे स्पीकर, जळालेले. आणि ही जोडी घे, असं गिऱ्हाइकाला त्यानेच सांगितलं होतं.

गिऱ्हाईक कॉलेजातलं, आयर्न मेडन या मेटल बँडचं वेडं. पहिला प्रश्न खानदेशात लग्नाच्या डीजेपासून टीव्हीपर्यंत सगळे विचारतात तोच: ‘वॅट कितीचा, भाऊ?’

या प्रश्नाने लेखकाचं अर्धं आयुष्य खाल्लंय. नव्वदच्या दशकात म्युझिक सिस्टिमच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’चे हजारोंचे आकडे छापत. ते मोजायची सर्वमान्य पद्धतच नव्हती, पण लोकांच्या डोक्यातून ते अजून उतरलेले नाहीत. विचारायचं ते वेगळंच: एक वॅट दिला, तर एक मीटरवर किती डेसिबल? ड्रमचा ठोका १०६ डेसिबलला न्यायचा, तर ८६च्या स्पीकरला १०० वॅट लागतात, ९२च्याला २५. सहा डेसिबलसाठी चौपट ताकद! पॉल क्लिप्शचा १९४६चा कोपऱ्यात बसणारा भोंगा एका वॅटला सुमारे १०५ देतो. एडगर विल्चरने १९५४ मध्ये छोट्या बंद पेटीत खोल बास बसवला, पण त्याच्या स्पीकरची वॅटची भूक मोठी. (१०० डेसिबल रोज पंधरा मिनिटांवर ऐकू नये, हे कानांच्या वतीने.)

जुनी जोडी बघताना आधी जाळी काढावी. कोनच्या कडेचा फोम नखाने दाबावा. चिकट लागला किंवा भुगा पडला, तर तो गेला. रबराची कड जास्त टिकते. मग बोटं कोनवर सारखी पसरून तो हळूच आत ढकलावा. खर्र झालं, तर कॉइल घासतेय. आठ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर सहाच्या आसपास दिसतो. ट्विटर मात्र असा कळत नाही. आत कपॅसिटर आडवा असतो. त्याला कानच लावावा लागतो.

नशिराबादची जोडी या सगळ्यांत पास झाली होती. घरी ॲम्प्लिफायर कोणता आहे, एवढं विचारायचं राहिलं.

तो निघाला २० वॅटचा, आणि आवाज कायम शेवटापर्यंत पिळलेला. ‘लहान ॲम्प मोठ्या स्पीकरचं काय वाकडं करणार?’ असं छातीठोक सांगणारे मेकॅनिकही भेटतात. ॲम्पचा दम संपला की लहरींचे माथे छाटले जातात. छाटलेल्या लहरीत वरच्या पट्टीचे नवे स्वर उगवतात, ते थेट ट्विटरला. त्याची कॉइल केसासारखी, थोडे वॅट जेमतेम सोसणारी. काही जाणकार म्हणतात, दोष नव्या स्वरांचा नाही. माथे छाटल्यावरही बटण पिळत राहिलं की बारीक आवाजाची सरासरी ताकदच वाढते, तीच जाळते. लेखकाच्या मते दोन्ही खरं. यावर त्याने मित्रांशी रात्र रात्र वाद घातलाय आणि बायकोचा ओरडाही खाल्लाय.

परवा तो मुलगा पुन्हा आला. जळालेली कॉइल उजेडात धरून त्याने नीट पाहिली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘मग काका, आता ॲम्प किती वॅटचा घेऊ?’

स्पीकर ८६चे. लेखकाने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि बिलाच्या मागे आकडा लिहून दिला: १००.

मुलाला हसू आवरेना.