कुमासीला निघण्यापूर्वी

घानाची राजधानी अक्रा. तेथून वायव्येस सुमारे २५० किलोमीटरवर कुमासी हे जुन्या असांते राज्याच्या राजधानीचे नगर आहे. तेथील केजेतिया भागातील बाजार पश्चिम आफ्रिकेतील सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक गणला जातो. अशा देशांतील लहान उद्योगांना साहाय्य करण्यासाठी काही मोठ्या कंपन्या आपले अधिकारी स्वयंसेवक म्हणून पाठवतात. आयबीएमने २००८ मध्ये असा उपक्रम आरंभला, तेव्हा पहिल्या काही देशांत घाना होता. पूर्वतयारी ३ महिन्यांची, मुक्काम मात्र अवघा ४ आठवड्यांचा!

तयारीचा सोपा भाग यादीत मावतो. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते; तिचे प्रमाणपत्र घानात उतरताना आणि भारतात परतताना दाखवावे लागते. हिवतापाच्या औषधांविषयी वैद्यांचा सल्ला हवा. तांदूळ व चवळी एकत्र शिजवलेले ‘वाचे’ शाकाहारी माणसाला आपले वाटते. परंतु सोबतच्या रश्श्यात मासळी असू शकते, म्हणून विचारूनच ताट घ्यावे.

कठीण भाग निराळा आहे. कुमासीच्या बाजारात ‘सुसू’ची जुनी रीत आहे. संकलक रोज दुकानोदुकानी फिरून ठरलेली रक्कम गोळा करतो, महिनाअखेर परत देतो आणि एका दिवसाची रक्कम मेहनताना म्हणून ठेवतो. आपल्याकडील पिग्मी ठेवीची ही जणू बहीणच. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये ती योजना सुरू केली होती. पिग्मीवर व्याज मिळे; येथे बचत करणाराच पैसे मोजतो. हिशेबी मनाला हा तोटा वाटेल. पण संकलक दारी येत असल्याने विक्रेतीला दुकान सोडावे लागत नाही, आणि घरच्या मागण्यांपासून भांडवल सुरक्षित राहते. दुकान बंद ठेवून बँकेच्या रांगेत गेलेला वेळ व्याजापेक्षा महाग पडू शकतो. हे न जाणता दिलेला सल्ला फसला, तर स्वयंसेवक परतीच्या विमानात असेल आणि नुकसान विक्रेतीच्या पदरात!

या बाजारात बहुतांश व्यापार स्त्रियांच्या हाती आहे. टोमॅटो, रताळ्यासारखा याम अशा एकेका मालाच्या विक्रेत्यांची प्रमुख ‘ओहेमा’, म्हणजे राणी, असते. तंटे ती मिटवते. स्वयंसेवकाने प्रथम तिची भेट घ्यावी, देणेघेणे उजव्या हाताने करावे आणि कोष्टके उघडण्यापूर्वी तिचे म्हणणे ऐकावे.

घानाचे चलन ‘सेडी’. त्याचे नाव कवडीसाठीच्या स्थानिक शब्दावरून आले. मालदीवच्या कवड्या एके काळी भारतीय बंदरांतून पुढे युरोपमार्गे पश्चिम आफ्रिकेत पोहोचत आणि तेथे नाणे म्हणून चालत. व्यवहाराची इतकी जुनी परंपरा असलेल्या पेठेत पाहुण्याने व्यापार शिकवण्याच्या भावनेने जाऊ नये. मुक्काम संपल्यावर विक्रेतीला स्वतः चालवता येईल एवढीच सुधारणा सुचवावी. पूर्वतयारीचे ३ महिने त्या विवेकासाठी आहेत.