तानाबाताचा बांबू

फोनमधल्या चित्रांच्या गर्दीत एक हिरवा बांबू आहे, फांद्यांना रंगीत कागदी पट्ट्या बांधलेला. आपल्याकडे कुणी तो पर्यावरण दिनाला पाठवतं, कुणी गुढीपाडव्याला. खरा तो जपानच्या तानाबाता सणाचा. २०१० साली युनिकोडमध्ये आला आणि जगभरच्या फोनांत पोहोचला, पण त्याची गोष्ट काही त्याच्याबरोबर आली नाही.

ती गोष्ट मूळची चीनची, जपानने हजारहून अधिक वर्षं जिवापाड जपलेली. ओरिहिमे ही आकाशाच्या राजाची विणकर लेक, हिकोबोशी हा गुराखी. लग्न झालं आणि दोघं एकमेकांत इतकी रमली की माग थांबला, गुरं रानोमाळ झाली. राजाने चिडून त्यांना आकाशगंगेच्या दोन काठांवर धाडलं. भेट वर्षातून एकदाच, सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री. या दोघांचे तारे आपणही ओळखतो. ओरिहिमेचा तारा म्हणजे आपला अभिजित. आणि ज्याच्यावरून आपल्या श्रावणाला नाव मिळालं तो श्रवण, म्हणजे हा गुराखी.

पूर्वी या सणाची सुरुवात पहाटे व्हायची. मुलांनी अळूच्या पानांवरचं दव गोळा करायचं, त्यात शाई उगाळायची आणि कागदाच्या पट्टीवर मागणं लिहायचं. आमच्या कोकणातल्या परसात अळवावर डुलणारे थेंब मी कितीदा पाहिले असतील. त्यांची शाई होऊ शकते हे कळलं तेव्हा मला त्या मुलांचा हेवा वाटला. मागणं तरी काय? अक्षर वळणदार होऊ दे, सुईवर हात बसू दे. विणकरणीकडे मागायचं ते कसबच! या सणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

चित्रकार हिरोशिगेने १८५७ साली एदो शहराच्या चित्रमालिकेत हा सण रंगवला. छपरांवरून बांबू उंच गेलेत, कागद वाऱ्यावर फडफडताहेत, मागे फुजी पर्वत. व्यापाऱ्यांच्या बांबूला हिशेबाची वही आणि अबॅकससुद्धा टांगलंय. सण सरला की बांबू नदीत सोडून देत. मागणं पाण्याबरोबर जाई.

मग १८७३ साली जपानने पाश्चात्त्य कॅलेंडर स्वीकारलं आणि बऱ्याच ठिकाणी हा सण ७ जुलैला येऊन बसला, ऐन पावसाळ्यात. ज्या रात्री तारे बघायचे त्याच रात्री आभाळ भरलेलं! सेंदाई शहराने मात्र जुन्या तिथीच्या जवळपासचा ऑगस्ट धरला. युद्धात ते शहर बेचिराख झालं, तरी १९४६ साली तिथल्या लोकांनी ढिगाऱ्यांमध्ये बांबू उभे केले.

आता दुकानांत आणि स्टेशनांवर प्लॅस्टिकचे बांबू दिसतात. नदीत काही सोडायचं नाही, हा नियम योग्यच आहे. पट्ट्या मात्र लोक अजून हाताने लिहितात, परीक्षेसाठी, नोकरीसाठी, आईच्या तब्येतीसाठी.

पुण्यात आमच्या जपानीच्या वर्गातही जुलैत खरा बांबू यायचा. सेन्सेई, म्हणजे आमच्या बाई, पट्ट्या वाटायच्या आणि कच्च्या लिपीतली आमची मागणी मन लावून वाचायच्या. अर्धा तास खपून एक ओळ लिहिलेली असायची, त्यामुळे काय मागायचं याचा विचार आपोआप व्हायचा. आता वर्गाच्या ग्रुपवर ७ जुलैला सकाळपासून तो हिरवा बांबू येत राहतो. सगळ्यांना आठवण राहते याचा आनंद आहेच. पण त्या चित्रातल्या पट्ट्या कोऱ्या असतात, आणि ते मला दरवर्षी खुपतं.

जपानच्या राष्ट्रीय खगोल वेधशाळेने २००१ पासून एक छान काम केलंय. जुन्या चांद्र तिथीनुसार येणारा तानाबाता ती दरवर्षी जाहीर करते. तो बहुतेक वर्षी आपल्या श्रावण शुद्ध सप्तमीच्या आसपास येतो, नागपंचमी झाली की लगेच. मीही आता बांबू त्याच दिवशी पाठवते, खाली एक मागणं लिहून. शिवाय पत्ताही देते: रात्री नऊच्या सुमारास अभिजित डोक्यावर, जरा उत्तरेला, श्रवण त्याच्या आग्नेयेला, ढगांनी वाट दिली तर दोघं एकदमच दिसतील.