वाटी केवढी?

"काल सकाळपासून काय काय खाल्लंत?" रुग्णालयात डाएटिशियन म्हणून काम करताना मी रोज हेच विचारायचे. उत्तर ठरलेलं असायचं, "दोन भाकरी, वाटीभर आमटी, बास." भाकरी ज्वारीची की बाजरीची, वाटी केवढी, आमटी पातळ की घट्ट, घरात माणसं किती आणि महिन्याला तेल किती लागतं, असं खोदत गेलं की वेगळंच ताट समोर यायचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये 528 अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. आम्हा सगळ्यांचा आधार तेच. त्यात तूरडाळ सापडते. सोलापूरकडच्या एखाद्या घरातली आमटी घरी जाऊनच मोजावी लागते.

अंगाने किडकिडीत, शेतात राबणारी माणसंही मधुमेह घेऊन यायची. त्यांना वजन कमी करा म्हणून कसं सांगायचं?

उलगडा झाला तो पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम वाचताना. 1993 पासून त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आहार नोंदवला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं 3.5. तरी या लहानखुऱ्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी पडले होते ते स्नायू. म्हणजे किडकिडीत दिसणाऱ्या अंगातही स्नायूंच्या मानाने चरबी जास्त असू शकते, आणि त्यातूनच मधुमेहाचा धोकाही. बाळाच्या आकाराचा संबंध दिसला तो आईच्या आहारातल्या पालेभाज्या, फळं आणि दुधाशी. एकूण उष्मांकांशी तितका नाही. एवढा मोठा निष्कर्ष उभा होता तो माझ्या रोजच्याच प्रश्नावर: मेथीची भाजी आठवड्यातून कितीदा होते? त्या दिवशी मी संशोधनाकडे वळायचं ठरवलं.

संख्याशास्त्र नव्याने शिकावं लागलं. कष्ट पडले, पण ते पुस्तकातून जमतं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर आपण उरलंसुरलं खातो, हे एखाद्या बाईने न संकोचता सांगावं, असं बोलायला मात्र मी वॉर्डातच शिकले. पोषण-संशोधनाची कच्ची बाजू हीच आहे, असं मला वाटतं. रक्तातलं बी-12 यंत्र काटेकोर मोजतं आणि ताटातलं अन्न आपण अंदाजाने लिहितो.

वॉर्डात काम करणाऱ्या तरुण डाएटिशियन मुलामुलींनो, चार्ट देऊन थांबू नका. रुग्णाची परवानगी घ्या, नाव वगळा आणि तो खरोखर काय खातो ते नीट लिहून ठेवा.