गरम झाल्यावर

खंबाटकी चढताना गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा बाबा काहीच बोलले नाहीत. उतरून टायरमागे दगड लावला आणि कठड्यावर जाऊन बसले. गाडी त्यांची, तिच्यावरचे प्रयोग माझे.

वीस मिनिटांनी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू! हेच दुखणं. गॅरेजात नेली की शहाण्यासारखी वागायची. एका मेकॅनिकने संशयावरून फ्युएल पंपही बदलला होता.

या वेळी मात्र मी काटा पाहिला होता. गाडी गिअरमध्ये, चाकं इंजिनाला फिरवतायत आणि आरपीएम थेट शून्य. पेट्रोल तुटलं तर काटा वेगाबरोबर हळूहळू उतरतो. इथे इंजिन फिरतंय ही बातमीच कॉम्प्युटरपर्यंत पोचत नव्हती. म्हणजे क्रँक सेन्सर. घरी आल्यावर स्कॅनरनेही पी०३३५ दाखवला.

पण तो कोड अख्ख्या सर्किटबद्दल असतो, सेन्सर गेलाच असं त्यातून ठरत नाही. सॉकेटला मल्टिमीटर लावला. रीडिंग ठीक. आईचा हेअर ड्रायर पळवून सेन्सर तापवला, तरी ठीक. मग सेन्सरची वायर बोटाने जरा वाकवली आणि रीडिंग गायब.

वायर कडक होऊन चिरली होती. तिच्यापासून बोटभर अंतरावर मी आवाजासाठी हौसेने बसवलेला हेडर. मूळ मॅनिफोल्डवरचं उष्णता अडवणारं पत्र्याचं कव्हर त्यावर बसेना, म्हणून मीच काढून टाकलं होतं.

बाबा टॉर्च धरून उभे होते.

“जुना मॅनिफोल्ड माळ्यावर आहे,” ते म्हणाले. “कव्हरासकट.”