पानाच्या झाडाचं फळ

गोंदिया जिल्ह्यात आजोळ असल्यामुळे टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, विकतही मिळतात हे मला फार उशिरा कळलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामी पहाटे तेंदूपत्ता तोडायला निघाली, की मी तिच्या मागे लागायचो. पानांशी मला काही देणंघेणं नव्हतं.

ती पानं तोडायची कमरेएवढ्या झुडपांची. फळं लागतात वाढलेल्या झाडाला, काळ्या, चौकोनी भेगा पडलेल्या सालीच्या. तेही प्रत्येकाला नाही. तेंदूत, म्हणजेच टेंभुर्णीत, नर-मादी झाडं वेगळी, आणि नराखाली कितीही शोधलं तरी हाती काही लागत नाही. मामीला मादी झाडं पाठ होती. "वरचं सोड, खाली पडलेलं उचल," ती म्हणायची. "आधी दाबून पाहा, बाबू. घट्ट लागलं तर खाऊ नको, जीभ आखडते."

पिकलेलं टेंभर लिंबाएवढं, पिवळट नारिंगी, देठाशी वाळकी टोपी तशीच चिकटलेली. साल फोडली की आत पिवळा, बुळबुळीत, गोड गर आणि चपट्या, चकचकीत तपकिरी बिया. चार खाल्ली की गोडीमागून तुरटपणा येतोच. अस्वलाला त्याचं काही वाटत नसावं. वाटेवरच्या त्याच्या विष्ठेत याच बिया दिसायच्या.

दुपारी सगळं घर पानांचे पुडे बांधत बसायचं, संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे पानांच्या खरेदी केंद्रावर, जायचे. पैसा त्यातच. कोवळी पानं भरपूर फुटावीत म्हणून हंगामाआधी झुडपं छाटतात, कुठे कुठे आगही लावतात. मुळांतून फुटवे येतात, पान मिळतं. पण दरसाल छाटलेल्या झुडपाचं झाड होत नाही, मग फळ कुठलं? पानांचे लिलाव होतात, टेंभरं कुणाच्या हिशेबातच नाहीत. मला हे खटकतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. 2012 मध्ये वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. छाटणीने आणि आगीने जंगल खराब होतं, हे कारण. त्यांना बांबूचं उत्पन्न आहे. मामीच्या गावाला पान सोडणं परवडणार नाही, आणि तिला तसं सांगायची माझी छातीही नाही. पण शिवारातली थोडी मादी झाडं राखायला काय हरकत आहे?

एप्रिल-मेमध्ये पूर्व विदर्भातल्या आठवडी बाजारात गेलात, तर टेंभरांचे वाटे मांडून बसलेली एखादी बाई शोधा. घासाघीस न करता घ्या, आणि मऊ बघून घ्या.