दीड तासाचे नागपूर

मुंबईपासून नागपूर किती लांब, असे कुणी विचारले की मी चार उत्तरे देतो, आणि चारही खरी असतात. रेल्वेने ८३७ किलोमीटर. भिवंडीजवळच्या आमणे गावापासून समृद्धी महामार्गाने ७०१. आकाशातून सरळ रेघ ओढली तर सुमारे ६८५. चौथे उत्तर शेवटी सांगतो.

माझे नागपूर वर्षानुवर्षे एका रात्रीच्या अंतरावर होते. संध्याकाळी कल्याणला गाडी धरायची. कसाऱ्याचा घाट चढता चढता जेवणाचे डबे उघडत, मनमाडला चहा होई, भुसावळ झोपेतच निघून जाई. पहाटे बडनेऱ्याला डोळे उघडावेत, तो फलाटावरची मराठी बदललेली! ‘करतो आहे’चे ‘करून राहिलो’ झालेले असे आणि माझी जीभही नकळत त्या वळणावर जाई. बोलींच्या सीमा मी आज फळ्यावर काढतो. पण त्या मला प्रथम रेल्वेने शिकवल्या.

हीच रात्र एकदा मला फार महाग पडली. २००६ च्या मे महिन्यात वडील गेल्याचा फोन आला. नोकरी तासिका तत्त्वावरची. विमानाचे तिकीट माझ्या हिशेबात बसणारे नव्हते. गाडीने पोचलो तेव्हा अंगण रिकामे होते. वैशाखातले नागपूर, लोक तरी किती थांबणार?

म्हणून यंदा आई पडली आणि मांडीचे हाड मोडले, तेव्हा मात्र विमानच धरले. डोंबिवलीहून विमानतळ गाठायला दोन तास, तिथे ताटकळणे दोन तास आणि प्रत्यक्ष उड्डाण दीड तासाचे! त्यातही गंमत अशी की, ताशी आठशे किलोमीटरच्या वेगाने हे अंतर तासाभराच्या आतच कापले जावे. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत रांगण्यात, वर चढण्यात आणि खाली उतरण्यात जातो. मधली खानदेश-वऱ्हाडची भूमी ढगांखालून गेली. खाली कापूस होता की तूर, काही कळले नाही.

सोनेगावला उतरलो. या विमानतळाला आता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. आजोबा इथली एक हकिगत रंगवून सांगत. १९४९ साली रात्रीची टपाल-विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून विमाने निघत, मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. माणसांच्या आधी त्यांची पत्रे या आकाशातून वेळेवर पोचत होती!

मीही वेळेवर पोचलो. आईला शस्त्रक्रियेसाठी आत न्यायला अजून तासभर अवकाश होता. तिने डोळे उघडले.

“केव्हा निघाला होता?”

“आज सकाळीच निघालो आहे, आई.”

“सकाळी? अन् रात्र कुठं गेली मंग?” ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. “अन् असा काय बोलून राहिला रे, पुस्तकासारखा?”

खरेच की! वाटेत बडनेरा लागले नव्हते. जीभ अजून डोंबिवलीतच होती.

“काही नाही व माय,” मी म्हणालो, “आत्ताच तं येऊन राहिलो.”

ती हसली. चाके लावलेल्या खाटेवरून तिला आत नेईपर्यंत तिचा हात माझ्या हातात होता. आता ती काठी धरून घरात फिरते. परतताना मी मुद्दाम रात्रीच्या गाडीने आलो.

राहिले चौथे उत्तर. ‘केव्हा निघाला होता’ असे विचारणारे माणूस जोवर तिथे आहे, तोवर नागपूर जवळच आहे. मग दीड तास लागो की एक रात्र.