हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

छत्तीस वर्षें आम्हीं मुलांकडून शब्द आणि धातु घोटून घेतले. निवृत्त होतांना जो फंड हातीं आला त्यांतून मुलीचें लग्न व घराची डागडुजी उरकली, आणि राहिलेल्या पैशांत एका कारखानदार कंपनीचे शंभर शेअर घेतले. तेव्हांपासून घरचीं माणसें आम्हांस थट्टेनें 'शेटजी' म्हणतात. शंभर शेअरांचा कां होईना, पण धनी तो धनीच, आणि आपल्या पेढीवर काय चाललें आहे हें विचारण्याचा धन्यास अधिकार असतो, अशी आमची समजूत होती. ती समजूत कितपत खरी, आणि तो अधिकार बजावण्यास आम्ही स्वतः कितपत पात्र, हें सांगण्यासाठीं आजचा हा लेख.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निवडणूक रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरविली. पुढील महिन्यांत ते रोखे कोणीं घेतले व कोणत्या पक्षांनीं वटविले यांच्या याद्या निवडणूक आयोगानें प्रसिद्ध केल्या. २०१८ पासून सोळा हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले होते. त्या यादींत आमच्या कंपनीचें नांव होतें! आम्हीं कपाटांतून जुने अहवाल काढले. एका अहवालांत, अगदीं मागील बाजूस, बारीक अक्षरांत राजकीय देणगीचा एक आकडा होता. ती कोणास दिली याचा मात्र मागमूस नव्हता. खरें सांगावयाचें तर तें पान पूर्वींच आमच्या हाताखालून गेलें होतें. परंतु लाभांश किती सुटला एवढें पाहून आम्हीं अहवाल मिटला होता.

कंपनीस पत्र लिहिण्यापूर्वीं आम्हीं या विषयाचा पूर्वेतिहास चाळला. १९५७ सालीं टाटांच्या पोलाद कंपनीनें, राजकीय पक्षांस देणग्या देतां याव्यात म्हणून, आपल्या घटनापत्रकांत दुरुस्ती करूं घातली. त्यावर एका भागीदाराची हरकत मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेली. मुख्य न्यायाधीश छागला यांनीं कायद्यास अनुसरून दुरुस्ती मान्य केली, पण अशा देणग्यांपासून लोकशाहीस धोका आहे, संसदेनें यांत लक्ष घालावें, असा इशाराही दिला. १९६० सालीं मर्यादा व प्रसिद्धीचें बंधन आलें. १९६९ सालीं देणग्यांस साफ बंदी झाली. बंदीनें देणें थांबलें नाहीं, उजेडांतलें अंधारांत गेलें इतकेंच. १९८५ सालीं दार पुन्हा उघडलें. २०१३ च्या कायद्यानें तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के ही मर्यादा ठरविली, आणि पक्षाचें नांव अहवालांत लिहिण्याची सक्ति ठेविली. २०१७ सालीं मर्यादा गेली आणि नांवही गेलें. तो बदलही सर्वोच्च न्यायालयानें आतां रद्द केला आहे.

इतकें सारें होऊनही एक गोष्ट तशीच राहिली. आपल्याकडे देणगी देण्यास संचालक मंडळाचा ठराव पुरतो. पैसा ज्यांचा, त्या भागीदारांस विचारावें लागत नाहीं. विलायतेंत २००० सालच्या कायद्यानें, पांच हजार पौंडांवर देणगी द्यावयाची तर भागीदारांची पूर्वसंमति आवश्यक केली.

आमच्या धर्मशास्त्रकारांस हा प्रश्न नवा नव्हता. मनूनें व्यवहाराच्या अठरा पदांत 'संभूयसमुत्थान' हें एक पद गणिलें आहे. म्हणजे अनेकांनीं एकत्र येऊन केलेला उद्योग. याज्ञवल्क्याचा त्यावरचा निर्णय असा कीं, इतरांनीं मना केलेली किंवा त्यांच्या अनुज्ञेवांचून एखादी गोष्ट करून एका भागीदारानें नुकसान केलें, तर तें त्यानें भरून द्यावें. आमच्या मराठीनें हाच विचार अधिक थोडक्यांत सांगितला आहे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणाऱ्यास कोणी दाता म्हणत नाहीं.

असें सशास्त्र पत्र आम्हीं कंपनीस धाडलें, आणि आपण मोठें धर्मकृत्य केलें अशा समाधानांत राहिलों.

कंपनीचा चिटणीस आमचाच एक जुना विद्यार्थी आहे. गुरुपौर्णिमेस तो पेढे घेऊन आला, पायां पडला, आणि खिशांतून आमचें पत्र काढून म्हणाला, "सर, हें संचालकांपुढें ठेवण्याआधीं तुम्हांला भेटावें असं वाटलं. यांत आमचं राजकारण कांहीं नाहीं. एका पक्षाला नाहीं म्हटलं कीं परवान्याचा कागद अडतो. सर्वांना थोडं थोडं दिलं म्हणजे कोणी अडवीत नाहीं. कारखाना बंद पडला तर तुमचे पैसे बुडतील आणि कामगारांच्या चुली विझतील."

"मग अहवालांत तसेंच लिहा ना, बाळ," आम्ही म्हणालों. "अडवणूक टाळण्यासाठीं दिले, असें लिहा. जें लिहवत नाहीं तें द्यावें कां?"

तो किंचित् हंसला. मग खालीं पाहून म्हणाला, "सर, राग मानणार नसाल तर एक विचारूं? आम्ही आठवींत असतांना शाळेंत मंत्री आले होते, आठवतं?"

आठवत होतें. इमारतीचें अनुदान अडकलें होतें. संस्थेच्या अध्यक्षांनीं सुचविलें, आणि स्नेहसंमेलनाचा निधि ज्यांच्या ताब्यांत होता त्या आम्हीं मुलांच्या वर्गणींतून कमान उभारली, हार आणविले, आणि मंत्र्यांच्या पक्षाच्या झेंड्या विकत घेतल्या. हिशेबाच्या वहींत तो खर्च 'किरकोळ' म्हणून पडला, आणि तोही आमच्याच सुवाच्य अक्षरांत. अनुदान मिळालें.

"त्या कमानीखालीं मी झेंडी घेऊन दोन तास उन्हांत उभा होतों," तो म्हणाला. "माझे वडील विरुद्ध पक्षाचे. घरीं गेलों तेव्हां त्यांनीं झेंडी पाहिली. मला कांहीं बोलले नाहींत. पण त्या रात्रीं जेवले नाहींत. तुम्हीं शाळेसाठींच केलंत, सर. आम्हीही कारखान्यासाठींच करतों."

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तो गेल्यावर पेढ्यांचा पुडा बराच वेळ तसाच पडून होता.

या व्यवहाराचें वर्म तेथेंच आहे, हें आम्हांस त्या रात्रीं उमजलें. असा पैसा देणारा बहुधा स्वतःसाठीं देत नाहीं, संस्थेच्या हितासाठीं देतो. आणि त्या सोज्ज्वळ कारणाच्या पदराखालीं, ज्याचा पैसा त्यास विचारणें राहून जातें. युद्धारंभीं युधिष्ठिर वंदनास आला तेव्हां आपण कौरवांच्या अर्थानें बांधले गेलों आहों अशी कबुली भीष्मद्रोणांस द्यावी लागली. जें त्यांस तोडतां आलें नाहीं तें बंधन आजचे पक्ष व मंत्री तोडतील ही आशा व्यर्थ आहे. घेणारा बांधला जातो. आणि लपवून देणाराही बांधला जातो, कारण पुढच्या खेपेस नाहीं म्हणण्याचें बळ त्यास उरत नाहीं.

आम्हीं दुसरें पत्र लिहिलें. त्यांत शास्त्रवचन एकही नव्हतें. आरंभीं 'किरकोळ' खर्चाची हकीकत लिहून मग मागणें मांडलें. राजकीय पक्षांस द्यावें कीं न द्यावें, आणि द्यावयाचें तर कोणत्या कसोटीवर, हें कंपनीनें लेखी ठरवून भागीदारांच्या सभेपुढें ठेवावें. सभेच्या संमतीवांचून पैसा जाऊं नये. गेला तर पक्षाचें नांव, रक्कम व तारीख अहवालांत छापावी. एखाद्या ट्रस्टाच्या अथवा व्यापारी मंडळाच्या हातून गेला तरी तोही छापावा. नोकरांवर वर्गणीची, सभेची वा झेंडीची सक्ति होऊं नये. आणि कोणी कागद अडविलाच, तर एकट्यानें गुपचूप थैली सोडण्याऐवजीं त्या धंद्यांतील सर्व कंपन्यांनीं मिळून उघड तक्रार करावी. एकटा दुकानदार दबतो, पण सारी पेठ उभी राहिली कीं अडविणाराही विचार करतो.

विद्यार्थ्यानें तें पत्र संचालकांपुढें ठेवलें आहे. उत्तर अद्याप नाहीं. आमचीं मतें शंभर आणि कंपनीचे शेअर कोट्यवधि. सभेंत तरीही आम्ही विचारणार आहों.

त्या वर्षींचा लाभांश आम्हीं शाळेच्या स्नेहसंमेलन निधीस नेऊन दिला. कारकुनानें पावतीवर 'देणगी' असें लिहिलें. आम्हीं तें खोडवून 'पूर्वीं घेतलेल्या रकमेची परतफेड' असें लिहावयास लावलें. तो बुचकळ्यांत पडला, पण म्हाताऱ्या मास्तरांचा हट्ट म्हणून त्यानें लिहिलें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं कोणत्या ना कोणत्या कंपनीचा अहवाल येत असेल. लाभांशाचा आकडा पाहून झाल्यावर तें मागचें पानही एकदां उलटून पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.